तोफांचे नांगर

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि त्याची झळ हजारो मैलांवरील एका लहानशा कारखान्याला लागली. औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने व्यापलेल्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० च्या मार्चमध्ये वसविलेली ती किर्लोस्करवाडी. विलायती नांगरांची आयात आखडल्यामुळे देशी नांगराला गिऱ्हाईक वाढले खरे. पण ज्या बिडाचा तो ओतावयाचा, ते बीडच दुर्मिळ झाले. मागणी दारी उभी आणि भट्टीत घालावयास लोखंड नाही, असा तो विलक्षण पेच होता.

त्याच वेळी कोल्हापूर संस्थानातील गडांवर जुन्या तोफा गंजत पडल्या होत्या. युद्धकलेच्या दृष्टीने त्या केव्हाच कालबाह्य झालेल्या. लक्ष्मणरावांच्या दृष्टीने मात्र ते आयते लोखंड होते. शाहू छत्रपतींनी त्या त्यांना दिल्या आणि तटावरून एके काळी आग ओकणारा धातू भट्टीत वितळून शेतकऱ्याच्या नांगराच्या कामी आला.

ही दृष्टी एका दिवसात आलेली नव्हती. लक्ष्मणराव मुंबईच्या कलाशाळेत चित्रकार होण्यास गेले. परंतु डोळ्यांना काही रंगांचा भेद नीट कळेना, तेव्हा त्यांनी यंत्रांच्या आकृत्या काढण्याचे शिक्षण घेतले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकी केली. तेथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावी सायकलींच्या दुकानात वडील बंधू रामूअण्णांच्या जोडीस आले. कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. एवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडावयास सांगितले. प्रत्येक वेळी एक वाट बुजली, आणि प्रत्येक वेळी हाती उरले होते त्यातूनच दुसरी काढावी लागली.

तथापि एकट्याच्या युक्तीने हे सर्व घडले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि कर्ज दिले नसते, तर वाडी वसली नसती; छत्रपतींनी तोफा दिल्या नसत्या, तर तेवढे लोखंड मिळाले नसते; आणि जुनी समजूत टाकून शेतकऱ्याने तो नांगर आपल्या रानात घातला नसता, तर सारा खटाटोप व्यर्थ गेला असता. कल्पकता बी असेल, पण तिलाही जमीन लागते.

१९१८ साली युद्ध थांबले. टंचाईच्या त्या वर्षांत कारखाना बंद पडला नाही, उलट १९२० साली त्याची मर्यादित कंपनी झाली आणि पुढे उसाचे चरक व पाण्याचे पंपही तेथे तयार होऊ लागले. तोफा केव्हाच संपल्या होत्या. मोडीतले लोखंड पाहून त्यात उद्याचे अवजार ओळखणारी नजर मात्र वाडीच्या अंगवळणी पडली होती. तीच तिची खरी शिल्लक.