गाळकाढणी, नागरी नद्यांतील : नियोजन व निधी

शहरातून वाहणाऱ्या नदीच्या पात्रात साचलेला गाळ, वाळू, राडारोडा आणि कचरा यंत्रांनी उपसून पात्राची वहनक्षमता राखण्याचे काम. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईची मिठी नदी. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी सुमारे १८ किमी. अंतर कापून माहीमच्या खाडीला मिळते. मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी हा तिचा मार्ग. पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईबरोबर तिचाही गाळ दरवर्षी काढला जातो आणि दरवर्षी त्यावरून वाद होतो. वादाचे मूळ बहुधा भ्रष्टाचारात शोधले जाते. पण खरी अडचण त्याच्या आधीच सुरू होते. किती टन गाळ निघाला यावर कामाचे मोजमाप होते, त्या उपशानंतर नदीचा तळ कुठे आला यावर होत नाही. जे मोजले जाते त्याचेच पैसे दिले जातात आणि ज्याचे पैसे मिळतात तेच काम होते.

मिठीच्या कामाला आजचे स्वरूप २६ जुलै २००५ च्या पुरानंतर आले. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. पाठोपाठ राज्य शासनाने मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन केले आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. कामाची वाटणी झाली : वरचा सुमारे १२ किमी.चा टप्पा महापालिकेकडे, खाडीकडचा सुमारे ६ किमी.चा टप्पा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. रुंदीकरण, खोलीकरण आणि संरक्षक भिंती ही भांडवली कामे, तर गाळकाढणी हे वार्षिक निविदेचे काम ठरले. पर्जन्यजलवाहिन्यांचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून तयार होता. त्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राचे १,२०० कोटी रुपयांचे अनुदान मात्र २००५ च्या पुरानंतरच मंजूर झाले. नद्यांवरचा खर्च आपत्तीनंतर उसळतो आणि आठवण पुसट होताच ओसरतो. गाळ मात्र दर पावसाळ्यात येतच राहतो.

तळपातळी महत्त्वाची का, हे साध्या जलगणिताने कळते. रुंद पात्रात उतार व तळाचा खडबडीतपणा तोच राहिला, तर प्रवाहाची खोली २ मी.वरून २.५ मी. झाल्यावर वहनक्षमता सुमारे ४५ टक्के वाढते. परंतु हा लाभ सलग पात्र मोकळे असेल तरच मिळतो. एका पुलाखाली गाळाचा उंचवटा राहिला, की पाणी तिथे तुंबते आणि वरच्या बाजूचा उपसा बराचसा वाया जातो. यंत्र उतरायला जिथे सोपे, तिथून हजारो टन गाळ काढून करारातले आकडे पूर्ण करता येतात. पुलाखालच्या अडचणीच्या जागेतला थोडा गाळ तसाच राहू शकतो. कागदावर दोन्ही कामे सारखीच दिसतात, पुरात दिसत नाहीत. खाडीलगतच्या टप्प्यात आणखी एक मर्यादा आहे : तिथे पाण्याची पातळी समुद्राची भरती ठरवते. तिथला तळ कितीही खोल नेला तरी भरतीच्या वेळी उतार मिळत नाही आणि खणलेला खड्डा भरतीबरोबर आलेल्या चिखलाने पुन्हा भरतो. म्हणून सर्व टप्प्यांना एकच उद्दिष्ट लावणे शास्त्राला धरून नाही.

टनावर पैसे देण्याच्या पद्धतीतली फट वजनकाट्यावर दिसते. भरलेला डंपर आणि रिकामा डंपर यांच्या वजनातील फरक पावतीवर छापला जातो, तेवढा गाळ निघाला असे धरले जाते. पण ओल्या गाळात पाण्याचा वाटा मोठा असतो. तो काठावर निथळू दिला की नाही, त्यात बांधकामाचा राडारोडा मिसळला की नाही, यावर तोच फरक वाढतो वा घटतो. मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळकाढणीत महापालिकेचे सुमारे ६५ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदवला. यंत्रांचे भाडे आणि गाळ टाकण्याच्या जागांचे करारनामे हेही तपासाचे विषय आहेत. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण फेऱ्या, पावत्या आणि करारनामे हीच कामाची साक्ष असेल, तर नदीकडे न पाहताही काम पूर्ण झाल्याचे दाखवता येते. कॅमेरे व चित्रफिती यांनी ही फट अरुंद होईल. पण मोजण्याची वस्तूच चुकीची असल्याने ती बुजणार नाही.

मोजमापाइतकाच निधीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. गाळाची तरतूद आधीच करण्याचा विचार धरणांच्या बाबतीत रूढ आहे. पुणे जिल्ह्याच्या वेल्हे भागातील गुंजवणीसारख्या धरणाचे संकल्पन करताना पुढे येणारा गाळ गृहीत धरूनच मृतसाठ्याची जागा राखावी लागते. म्हणजे गाळाचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात येतो. शहरातील नदीला असा मृतसाठा नसतो, त्यामुळे तिच्या गाळासाठी पैशाची कायमची तरतूद हाच पर्याय उरतो. अशी तरतूद नसली की काय होते, ते चिपळूणमध्ये दिसले : २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकरांना वाशिष्ठी व शिव नद्यांचा गाळ काढावा या मागणीसाठी डिसेंबरमध्ये साखळी उपोषण करावे लागले. पुढे शासकीय यंत्रणेच्या जोडीला नाम फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्थाही कामात उतरली. लोकसहभाग मोलाचा खरा, पण उपोषणावर वा देणगीवर वार्षिक देखभाल चालू शकत नाही. इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये २०१३-१४ च्या पुरानंतर पॅरेट व टोन नद्यांचे सुमारे ८ किमी. पात्र उपसले गेले आणि २०१५ मध्ये स्वतंत्र नदी प्राधिकरण स्थापन झाले; त्याच्या कामासाठी पुढे स्थानिक करात वेगळा हिस्सा ठेवण्यात आला. तो प्रदेश ग्रामीण आहे, तरी पूर ओसरल्यावरही निधी चालू राहील अशी सोय करण्याचा धडा शहरांनाही लागू पडतो.

टनांऐवजी तळपातळीवरून पैसे द्यावेत, या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, पात्राची मोजणी खर्चिक असते आणि गाळ लगेच परततो, त्यामुळे वाद वाढतील. पण बंदरांच्या नौकामार्गात उपशाआधी व उपशानंतर तळाचे सर्वेक्षण करून देयक ठरवण्याची पद्धत रुळलेली आहे. नदीतही ठरावीक छेदांवर काम संपताच मोजणी करता येते. नंतर आलेला गाळ हा ठेकेदाराचा दोष नव्हे. दुसरा, पातळीवर पैसे दिल्यास जास्त खणले जाईल, काठ ढासळतील आणि पुलांचे पाये उघडे पडतील. हा धोका खरा आहे. म्हणून ठरलेल्या तळाखालच्या खोदाईला मोबदला नसावा आणि पायांजवळ ती निषिद्ध असावी. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : पूर गाळामुळे नव्हे, तर पूरक्षेत्रातील भराव, अतिक्रमणे, विमानतळाजवळची वळणे आणि नष्ट झालेल्या पाणथळ जागा यांमुळे येतो. हे बहुतांशी मान्य करावे लागते. वांद्रे-कुर्ला संकुल मिठीकाठच्या दलदलीवर भराव घालून उभे राहिले. तिथे मुरणारे वा पसरणारे पाणी कोणतेही यंत्र परत साठवू शकत नाही. तरीही यावरून गाळकाढणी निरर्थक ठरत नाही, तिच्याकडून धरायच्या अपेक्षेची मर्यादा ठरते. ९४४ मिमी. पाऊस ती पेलणार नाही. नेहमीच्या जोरदार सरीत पाणी वस्तीत शिरण्याचे प्रसंग कमी करील.

म्हणून नागरी नदीच्या गाळकाढणीचा आराखडा चार गोष्टींवाचून अपुरा मानावा : टप्पानिहाय ठरवलेली तळपातळी, उपशाआधीची व नंतरची जाहीर मोजणी, सांडपाणी व राडारोडा पात्रात येण्याआधीच रोखण्याची तरतूद आणि किमान पाच वर्षांचा राखीव निधी. पुढची निविदा काढणाऱ्या प्रत्येक महापालिकेने टनांच्या रकान्याशेजारी तळपातळीचा रकाना ठेवावा आणि देयक त्यावरूनच काढावे.