मळीचं सिमेंट आणि दहा दिवसांचं पाणी

आमच्या फलटणला ‘मळी’ म्हटलं की साखर कारखानाच आठवतो. आजची मळी मात्र वेगळी. लोखंडाच्या भट्टीत वितळलेल्या लोखंडावर जो गाळ तरंगतो, ती धातुमळी. आणि तिचं सिमेंट होतं!

कशाला हवं? साध्या सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. एक टन शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली की 440 किलो कार्बन डायऑक्साइड नुसत्या दगडातूनच सुटतो. इंधनाचा धूर वेगळाच. मळी तर लोखंड बनवताना आपसूक निघते. तिच्यासाठी नवी भट्टी पेटवावी लागत नाही.

1862 मध्ये जर्मनीत एमिल लांगेन यांना गंमत सापडली. तापलेली मळी पाण्यात झटकन थंड केली, की काचेसारखे कण होतात. त्यात चुना मिसळला की ते घट्ट बसतात. सावकाश गार झालेली मळी मात्र नुसती खडी.

हे आपल्याला फार परकं नाही. नीरा उजव्या कालव्यातून आमच्याकडे पाणी येतं, ते भाटघरचं. ते दगडी धरण 1920 च्या दशकात पूर्ण झालं. त्या काळी दगडी बांधकामाला चुना आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, वापरायची रीत होती. तिथेही चुनाच पुडीला कामाला लावायचा.

पण ग्यानबाची मेख इथेच आहे. नुसत्या पाण्यात मळीच्या कणांवर पातळ साय धरते आणि काम थांबतं. ती फोडायला चुना लागतो. मळीच्या सिमेंटमध्ये आधी साधं सिमेंट भिजतं, चुना सोडतं, मग मळी जागी होते. म्हणून सुरुवातीला ताकद कमी. पुढे मात्र ती साध्या सिमेंटला गाठते, कधी मागेही टाकते.

ही सुरुवात सुधारायची कशी? मळी आणखी बारीक दळायची. किंवा चुन्याऐवजी तीव्र अल्कली द्यायची. 1940 मध्ये बेल्जियमच्या पर्डन यांनी कॉस्टिक सोडा वापरून तेच दाखवलं. थोडी ऊबही मदत करते.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय? पाणी. आमच्या घराच्या स्लॅबला गवंड्यानं चौथ्या दिवशीच पाणी मारणं थांबवलं. म्हणाला, “वाळलाय की!” अहो, स्लॅब वाळून पक्का होत नाही, भिजून होतो. भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस सांगतं, मिश्र सिमेंटला दहा. फलटणच्या उन्हात तर ते तीन दिवस चुकवूच नका. मळी उशिरा जागी होते. तोवर तिला तहानलेली ठेवू नका.