क्लार्क, ल्यूक
जुगाराचे व्यसन, आवेगशीलता आणि निर्णयप्रक्रिया यांचे अभ्यासक असलेले मानसशास्त्रज्ञ. प्रथम केंब्रिज विद्यापीठात. पुढे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या जुगार-संशोधन केंद्राचे संचालक.

थोडक्यात हुकलेल्या डावांवरचे त्यांचे काम सर्वांत मोलाचे. ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन चक्रांचे साधे स्लॉट मशीन होते. डावीकडे एक चित्र निवडलेले असे. उजवे चक्र फिरून तेच चित्र मधल्या रेषेवर थांबले, तर बक्षीस. ते एक घर वर किंवा खाली थांबले की खेळणारा हळहळे, तरी पुन्हा खेळण्याची त्याची ओढ वाढे. मात्र चित्र त्याने स्वतः निवडलेले असेल तरच. एक पैसाही न मिळता मेंदूतील स्ट्रायटम व इन्सुला हे भाग जिंकल्यासारखे उद्दीपित होत. इन्सुलाला इजा झालेल्या रुग्णांत हा परिणाम दिसत नाही, असे २०१४ च्या अभ्यासात आढळले. जुगाऱ्याला केवळ दुबळ्या मनाचा ठरवणे किती अपुरे आहे, हे या निष्कर्षांवरून स्पष्ट होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेनेही २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणात जुगारविकृती आवेगनियंत्रणाच्या विकारांतून काढून मादक पदार्थांच्या व्यसनांबरोबर ठेवली.