तळटीप : ‘उतारावरचा सामना’

मित्रमंडळींसह आगगाडीने, गळ्यात हिरवे-पांढरे मफलर आणि हाती करकरणारे लाकडी खुळखुळे घेऊन, लेखक ज्या सामन्यास गेले तो २९ जानेवारी १९४९ रोजीचा, इंग्लंडच्या एफ. ए. चषकाच्या चौथ्या फेरीतील होय. हातमोज्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या येओविल या कसब्याचा संघ सदर्न लीगमधला, म्हणजे मुख्य लीगच्या दफ्तरी ज्याची नोंदही नव्हती असा. तरीही त्याने प्रथम श्रेणीतील संडरलंडला जादा वेळेत २-१ असे पराभूत केले. मैदानाचा उतार लेखकाने तिखटमीठ लावून वर्णिल्याचा वाचकांस संशय येईल. तो निराधार आहे. पुढील फेरीत मँचेस्टर युनायटेडने येओविलवर आठ गोल चढविले; त्याविषयी लेखकाने मौन पाळले आहे.