फरशीखालचे पाणी

मातीच्या धरणाचा उतार टिकेल की नाही, हे ठरविण्यासाठी आजचा तरुण अभियंता संगणकापुढे बसतो. 'सीप-डब्ल्यू' या आज्ञावलीत तो धरणाचा छेद रेखाटतो, प्रत्येक थराची पारगम्यता भरतो, जलाशयाची पातळी सांगतो. आणि पाझराच्या रंगीत रेषा पडद्यावर उमटतात. त्यातून मिळालेला छिद्रदाब 'स्लोप-डब्ल्यू' या जोडआज्ञावलीकडे जातो आणि सुरक्षा गुणांक हाती येतो. या आज्ञावल्या कॅनडात घडल्या आहेत. त्यांतील पाझराचे गणित मात्र आपल्या पाटबंधारे खात्याने संगणकापूर्वी कितीतरी वर्षे, मोडलेल्या बंधाऱ्यांवरून शिकून घेतले होते.

चिनाब नदीवरील खानकीचा बंधारा १८९५ साली खचला. (तो भाग आज पाकिस्तानात आहे.) रेतीखालून पाणी कसे वाहते, याचा नियम फ्रान्समध्ये दार्सीने १८५६ सालीच मांडला होता, तथापि तो आपल्या नद्यांच्या रेतीला लागू पडतो काय, हे कोणी तपासले नव्हते. रुडकीच्या थॉमसन कॉलेजचे प्राचार्य कर्नल क्लिबर्न यांनी खानकीचीच रेती एका लांब नळीत भरून प्रयोग केले आणि नियम खरा ठरला. पुढे मार्च १८९८ मध्ये गंगेवरील नरोऱ्याच्या बंधाऱ्याची फरशी खालून आलेल्या दाबाने उचलली गेली. वरून येणाऱ्या पुराचा विचार करणाऱ्या खात्याला खालच्या पाण्याची दखल घ्यावी लागली.

यातून १९१० साली ब्लाय यांचा सोपा नियम आला. पाणी फरशीच्या तळाला चिकटून सरकते असे मानायचे, आणि रेतीच्या जातीप्रमाणे ठरलेल्या आकड्याने पाण्याच्या उंचीला गुणून त्या वाटेची लांबी ठरवायची. हिमालयातील नद्यांच्या बारीक अभ्रकी रेतीसाठी हा आकडा १५ होता. म्हणजे पाण्याच्या पातळीत ४ मीटरचा फरक असेल तर वाट ६० मीटर हवी. कारकुनालाही करता येईल असा हा हिशेब असल्याने तो झपाट्याने रूढ झाला. सरकारी कामात सोपे सूत्र एकदा नियमावलीत शिरले की त्याला कोणी प्रश्न विचारत नाही, हा अनुभव काही केवळ पाटबंधारे खात्याचा नाही.

प्रश्न विचारला तो पंजाबचे अभियंते अजुधियानाथ खोसला यांनी. अप्पर चिनाब कालव्यावरील सायफन ब्लाय यांच्या नियमाप्रमाणे बांधलेले असूनही त्रास देऊ लागले. तेव्हा, १९२६-२७ मध्ये, त्यांच्या फरशीत नळ्या बसवून खालचा दाब प्रत्यक्ष मोजण्यात आला. मोजलेला दाब हिशेबातील दाबाशी जुळेना. आडवी वाट आणि उभी वाट सारख्याच उपयोगाच्या नाहीत, तळात ठोकलेल्या पोलादी पाट्यांची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा अधिक दाब खाते, आणि पाणी बाहेर पडते त्या टोकापासून रेती उकरली जाण्यास प्रारंभ होतो, असे दिसून आले. म्हणून बंधाऱ्याच्या खालच्या टोकाला खोल उभी भिंत अनिवार्य ठरली. बारीक रेतीत निर्गमाची प्रवणता सहाव्या-सातव्या हिश्श्याच्या आत ठेवावी, हा दंडकही त्यातूनच आला.

नळ्यांच्या आकड्यांना मग गणिताचा आणि प्रयोगशाळेचा आधार मिळाला. पाझर आणि विजेचा प्रवाह एकाच समीकरणाने, लाप्लासच्या समीकरणाने, चालतात. तेव्हा बंधाऱ्याच्या लहानशा प्रतिकृतीतून वीज सोडून व्होल्ट मोजले की पाण्याचा दाब कळतो. खोसला, बोस आणि टेलर यांचा ग्रंथ १९३६ साली केंद्रीय पाटबंधारे मंडळाने प्रसिद्ध केला. एकसारख्या थरातील स्थिर पाझरासाठी 'सीप-डब्ल्यू' आज सोडवते ते समीकरण मुळात तेच. फरक इतकाच की, विजेच्या तारेऐवजी हजारो लहान तुकड्यांची आकडेमोड केली जाते.

आज्ञावली काही आठवड्यांत शिकता येते. पारगम्यतेचा आकडा मात्र ती स्वतः शोधत नाही. तो दुसऱ्या धरणाच्या अहवालातून उचलला असेल तरी चित्र तितकेच देखणे येते, आणि धरणाखालच्या गावांची सुरक्षितता त्या चित्रावर ठरते. माझ्या मते, मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने रंगीत पानांआधी दोन कागद मागावेत: भोके घेऊन केलेल्या पारगम्यता-चाचणीचे, आणि धरणातील पीझोमीटरच्या नोंदींचे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार निर्दिष्ट धरणांवर मापनयंत्रे बसविणे व त्यांची वाचने जतन करणे ही मालकाची जबाबदारी आहे. मोजलेली पातळी संगणकाच्या पातळीपेक्षा वर असेल, तर गणित पुन्हा मांडायला लावावे.