नऊ फटींची जीप आणि बाबांची लढाई

आमची जुनी जीप यवतमाळात रस्त्यावर निघाली की दोन प्रश्न हमखास येतात. "कितीले पडली भाऊ?" आणि "वरातीसाठी देता काय?" पहिल्याला मी हसून टाळतो, दुसऱ्याला सरळ नाही म्हणतो. तिसरा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही: या गाड्या ज्या लढाईत होत्या, तिथं आपल्या जिल्ह्यातलं कोण होतं? त्याचं एक उत्तर आमच्याच घरात होतं. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी गाडीबद्दल. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतील तर गाडी युद्धातली. नंतरच्या मुलकी जीपला सात असतात. आमचीला नऊ आहेत. बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' आहे, म्हणजे माल फोर्डचा. स्टिअरिंग डावीकडे, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. हेडलाइट उलटे फिरवता येतात, रात्री इंजिनवर उजेड पाडून दुरुस्ती करता यावी म्हणून.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा गाड्या 'डिस्पोजल'मध्ये विकल्या गेल्या. ठेकेदार, शिकारी, जिनवाले अशा लोकांनी त्या घेतल्या. आमची गाडी पांढरकवड्याकडच्या एका बंद जिनिंगच्या आवारात कित्येक वर्षं पडून होती. बोनेटमधून बाभळीचं रोप वर आलं होतं. मिस्त्री म्हणाला, "डिझेल इंजिन टाकू, ॲव्हरेज देईन." विदर्भात कितीतरी जुन्या जीपचं तेच झालंय. मी म्हटलं, मूळचंच ठेवायचं. चार सिलिंडरचं, साठ हॉर्सपॉवरचं ते पेट्रोल इंजिन उतरवून साफ करून परत बसवायला दोन वर्षं गेली.

आता बाबा. ते रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवर. त्यांनी हीच जीप चालवली असं मी म्हणत नाही. त्यांच्या हाती बहुतेक लॉरीच असायची. पण ज्या रस्त्यावर ते होते तिथं या जीप होत्या.

भरती का झाले? देशभक्ती किंवा राजनिष्ठा असली मोठी कारणं शोधायला जाऊ नका. आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक जपान होतं. १९४१ मध्ये तो व्यापार तुटला, भाव पडला. घरी पाच एकर कोरडवाहू आणि खाणारी नऊ माणसं. लष्कर पगार द्यायचं, जेवू घालायचं आणि गाडी चालवायला शिकवायचं.

पण तो काळ साधा नव्हता. १६ ऑगस्ट १९४२ ला शेजारच्या आष्टीत आणि चिमूरमध्ये लोक गोळ्या खात होते, तेव्हा बाबा इंग्रजांच्या वर्दीत ट्रेनिंग घेत होते. १९४४ मध्ये जपानी फौजेबरोबर नेताजींची आझाद हिंद सेना इंफाळच्या दिशेनं आली, तेव्हा बाबा समोरच्या बाजूला होते. २२ जून १९४४ ला कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला आणि अडकलेल्या इंफाळकडे रसदीच्या गाड्या सुटल्या. त्या रांगेत तेही होते. इतकं मोठं काम, पण आम्ही विचारलं की ते एवढंच म्हणायचे, "लढाई कायची, रस्ता होता. चालवला."

१९४६ मध्ये परत आले तेव्हा देशभर लाल किल्ल्यातल्या खटल्याची चर्चा आणि आझाद हिंदचा जयजयकार होता. तो व्हायलाच हवा होता. बाबांनी मात्र आपली पदकं ट्रंकेत तळाशी ठेवली ती कायमची. १९९१ मध्ये ते गेले, तोवर ती कधी छातीवर लागली नाहीत. नोकरी कमी वर्षांची, म्हणून पेन्शन नव्हती. गावात दबक्या आवाजात 'इंग्रजाचा शिपाई' हा शब्द होता.

त्या काळाची गुंतागुंत आपल्या जिल्ह्याला तरी समजायला हवी. वणीचे लोकनायक बापूजी अणे १९३० मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात पुढे होते. तेच १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, राजीनामा देऊन बाहेर पडले. डॉ. आंबेडकर १९४२ मध्ये त्याच मंडळात मजूरमंत्री झाले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, त्यामागे त्यांचाच पाठपुरावा होता. एवढ्या मोठ्या माणसांच्या वाटा सरळ नव्हत्या, तर पाच एकरवाल्या पोराकडून आपण कोणता हिशेब मागतो?

गाडी घासताना पांढऱ्या आणि निळ्या रंगाखाली लष्करी हिरवा रंग निघाला. बोनेटवर पांढऱ्या आकड्यांचा अर्धवट नंबर दिसला. मिस्त्री तो पॉलिश पेपरनं काढून नवा रंग देणार होता. मी थांबवलं. तो नंबर आजही तसाच अर्धवट आहे. बाबांच्या बाबतीतही मला तेच करायचंय. त्यांना शूरवीर म्हणून नवा रंग द्यायचा नाही, आणि लाजेखातर खालचा रंग झाकायचाही नाही. जे होतं ते दिसू द्यायचं.

त्या युद्धात भारतीय फौजेत पंचवीस लाख माणसं होती आणि सुमारे ८७ हजार परत आली नाहीत. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथल्या मोंतोने गावानं २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं. परक्या गावाला नाव आठवतं, मग आपल्याला का आठवू नये?

म्हणून एक विनंती. घरात आजोबा-पणजोबांची जुनी पेटी असेल तर उघडा. डिस्चार्ज बुक, पदक, फोटो, काहीही असो, त्यावरचा नंबर आणि पलटणीचं नाव आधी उतरवून घ्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महारचं सागरला, सर्व्हिस कोअरचं बंगळूरला. नंबर असेल तर चौकशी करता येते. जे परत आले नाहीत त्यांची नावं राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत इंटरनेटवर शोधता येतात. फक्त यवतमाळचं स्पेलिंग तेव्हाचं टाका, 'वाय ई ओ'नं सुरू होणारं. अनेक नावांपुढे गावही दिलेलं असतं.

तालुकावार यादी करायला घेतलीय. पहिलं नाव बाबांचं लिहिलंय, पुढे 'ड्रायव्हर' एवढंच. दुसरं नाव तुमच्या घरातलं असू शकतं. कळवा.