आनंदीबाईंचं पत्र आणि आपली वही

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. पुढे त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या. आज मी त्यांच्या कागदांविषयी बोलणार आहे.

फिलाडेल्फिया शहरात १८५० साली बायकांसाठी डॉक्टरकीचं कॉलेज निघालं. बाईनं डॉक्टर होणं तेव्हा अमेरिकेतही अनेकांना पटत नव्हतं. या कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून आनंदीबाईंनी जून १८८३ मध्ये पत्र लिहिलं. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी सरळ कबूल केलं. पण येण्याचं कारणही स्पष्ट सांगितलं: आमच्या देशातल्या बायका मरण पत्करतात, पण पुरुष डॉक्टरचा इलाज घेत नाहीत, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. प्रवेश मिळाला.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पदवीसाठी आनंदीबाईंनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आपल्याकडचं बाळंतपणाचं शास्त्र. १८८५ सालचा एक फोटोही आहे. त्यात लुगडं नेसलेल्या आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबूली अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत.

आनंदीबाई मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली होती, पण क्षयानं त्यांना गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

पुढे त्या कॉलेजचं नाव बदललं, ते दुसऱ्या संस्थेत मिळालं. पण त्यांचे कागद कुणी रद्दीत घातले नाहीत. ते पत्र आजही फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरखान्यात जपलेलं आहे. आनंदीबाईंवर पुस्तकं आली, नाटक आलं, सिनेमा आला. प्रत्येकानं त्यांना आपापल्या परीनं रंगवलं. पण त्या स्वतः काय म्हणत होत्या, हे त्या पत्रातून कळतं.

आता आपलं बघा. आमच्या गटातल्या बायकांनी वस्तीत नळ यावा म्हणून ग्रामसभेत अर्ज दिला होता. चार हेलपाटे घातले. नळ आला, नारळ भलत्यानंच फोडला. आम्ही म्हटलं, मागणी आमची होती. तर म्हणाले, दाखवा कागद. अर्जाची प्रत आम्ही ठेवली नव्हती आणि त्या वर्षीची इतिवृत्ताची वही घर सारवताना रद्दीत गेली होती. एक मावशी म्हणाल्या, "पाणी आलं, पण आपलं नाव वाहून गेलं."

तेव्हापासून आम्ही चार गोष्टी पाळतो. अर्ज दिला की पोच घेतलेली प्रत ठेवायची. इतिवृत्तात नुसतं 'ठराव मंजूर' न लिहिता कोण काय बोललं तेही नावानिशी लिहायचं. फोटोच्या मागं तारीख आणि नावं टाकायची. भरलेली वही पत्र्याच्या पेटीत ठेवायची, वाळवी आणि ओल लागू द्यायची नाही.

आनंदीबाईंचं पत्र जपायला कॉलेज होतं. आपली वही आपल्यालाच जपायला हवी. येत्या बैठकीत जुन्या वह्या कुणाच्या घरी आहेत, एवढं विचारून बघा.